दोन वर्षं न विकला गेलेला नांगर

दिवाळीत चकल्या करताना आपण पहिला घाणा कधी भरून टाकत नाही. आधी एकच चकली तेलात सोडतो. ती विरघळली तर मोहन जास्त झालं, दगडासारखी झाली तर कमी पडलं. मग पिठात थोडी दुरुस्ती करायची, पुन्हा एक सोडून बघायची. जमली की मगच सोऱ्या भराभर चालायला लागतो. ब्लाउज शिवतानाही तेच. आधी कच्चे टाके, मग अंगाला लावून बघणं, कुठं घट्ट, कुठं सैल ते बघून खडूनं खूण करणं, आणि मग मशीनवर पक्की शिलाई. हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. आईला बघून बघून ते हातात उतरतं.

मोठ्या कारखान्यांमध्ये आणि इंजिनीअरिंगच्या कॉलेजांमध्ये याच रीतीला ‘रॅपिड प्रोटोटायपिंग’ असं भारदस्त नाव आहे. एखादी नवी वस्तू सुचली, की तिचा झटपट आणि स्वस्तातला नमुना करायचा, जो ती वापरणार आहे त्याच्या हातात द्यायचा, त्याचं काय अडतं ते बघायचं, नमुना सुधारायचा, पुन्हा द्यायचा. आता तर थ्रीडी प्रिंटर नावाच्या यंत्रातून प्लॅस्टिकचे थर एकावर एक चढवून काही तासांत नमुना तयार होतो. पण मैत्रिणींनो, ही रीत प्रिंटरबरोबर आलेली नाही. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी आपल्याच मुलखातल्या एका माणसानं हिच्या जोरावर कारखाना उभा केला. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर त्यांचं नाव.

किर्लोस्कर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पंप येतो, इंजिन येतं. जुन्या पिढीतल्या बायकांना ‘किर्लोस्कर’ आणि ‘स्त्री’ ही मासिकं आठवतात. नाटकाची आवड असलेल्यांना अण्णासाहेब किर्लोस्कर आठवतील. ते वेगळे, पण मूळ गाव मात्र या दोघांचं एकच, बेळगावकडचं गुर्लहोसूर. आणि आपल्या सोलापूरचं नातं तर अगदी घरातलं. लक्ष्मणरावांचे भाऊ डॉक्टर वासुदेवराव सोलापुरात दवाखाना चालवायचे. लक्ष्मणरावांचे थोरले चिरंजीव शंतनुराव, ज्यांनी पुढे हा उद्योग देशभर नेला, त्यांचा जन्म २८ मे १९०३ चा, आणि तो इथला, सोलापुरातला. ‘स्त्री’ मासिक काढणारे शंकरराव किर्लोस्कर हे या वासुदेवरावांचेच चिरंजीव. म्हणजे लक्ष्मणराव हे तसे आपल्या गावच्या डॉक्टरांचे धाकटे बंधू. तेव्हा त्यांच्याबद्दल थोडं हक्कानं लिहायला हरकत नाही.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. घरात पोथ्या, पुराणं, शास्त्रचर्चा. या मुलाचं मन मात्र दोनच गोष्टींत रमायचं. एक चित्रं काढणं आणि दुसरं यंत्रांची खुटखुट. वडिलांना दोन्ही पसंत नव्हतं. मुलगा हाताला लागेना, तेव्हा थोरले भाऊ रामचंद्र, म्हणजे रामूअण्णा, पाठीशी उभे राहिले. १८८५ साली रामूअण्णांनी खर्चाचा भार उचलला आणि सोळा वर्षांचा लक्ष्मण मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेला.

दोन वर्षं गेली आणि एक वेगळंच संकट पुढं आलं. लक्ष्मणरावांना काही रंग नीट ओळखूच येत नाहीत, हे लक्षात आलं. चित्रकार व्हायला निघालेल्या माणसाला रंगांधळेपणा! दुसरा कुणी असता तर बॅग भरून घरी परतला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले आणि रेषा धरून ठेवली. यंत्रांची चित्रं काढायला रंग लागत नाहीत, माप लागतं. यांत्रिक रेखाटनात त्यांचा हात इतका बसला, की मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते हाच विषय शिकवायला लागले. फावल्या वेळात संस्थेच्या कार्यशाळेत जायचं, यंत्रं उघडायची, जोडायची, हे चालूच. कॉलेजची पदवी नाही, पण हाताला काळं लावून घ्यायची लाज नाही.

याच काळात, १८८८ च्या सुमारास, मुंबईत त्यांनी सायकलवर बसलेला माणूस बघितला. तेव्हा सायकल ही मोठीच नवलाची गोष्ट होती. लक्ष्मणरावांनी सायकली मागवून बेळगावला रामूअण्णांकडे पाठवायला सुरुवात केली. रामूअण्णा त्या विकायचे आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे. शिकवण्याची फी 15 रुपये! दुकानावर पाटी लागली, ‘किर्लोस्कर ब्रदर्स’. या दुकानदारीत एक गोष्ट लक्ष्मणरावांच्या पदरात पडली असावी असं मला वाटतं. ती म्हणजे नवी वस्तू नुसती दुकानात मांडून विकली जात नाही. ती घेणाऱ्याला वापरता यावी लागते, आणि त्यासाठी विकणाऱ्याला गिऱ्हाइकाच्या शेजारून धावावं लागतं.

इकडे मुंबईच्या नोकरीत बढतीची वेळ आली, तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती एका अँग्लो-इंडियन माणसाला देण्यात आली. स्वाभिमानी माणूस. राजीनामा दिला आणि बेळगावला आले. महिन्याचा बांधलेला पगार सोडून सायकलीचं दुकान बघायचं. घरच्या बाईला अशा वेळी काय वाटतं, ते आपल्याला सांगायला नको. त्यांच्या पत्नी राधाबाईंच्या वाट्याला पुढच्या दहा-बारा वर्षांत याहून बरंच काही यायचं होतं.

बेळगावात लक्ष्मणरावांनी सायकलीबरोबर छोटासा कारखाना सुरू केला. आणि काय करायचं ठरवलं? शेतकऱ्याच्या उपयोगाची यंत्रं. पहिलं यंत्र कडबा कापण्याचं. जनावरांपुढे अख्ख्या पेंढ्या टाकल्या तर ती पाला खातात आणि जाड धाटं तशीच तुडवून टाकतात. बारीक कुट्टी करून घातली तर सगळं पोटात जातं. ही कुट्टी तेव्हा कोयत्यानं व्हायची, आणि पुष्कळ घरांत ते काम बायकांकडे असायचं. एका चाकाला पाती बसवायची, चाक हातानं फिरवायचं, एका बाजूनं कडबा सरकवायचा, की दुसऱ्या बाजूनं कुट्टी. ज्याच्या दावणीला चार जनावरं आहेत त्याला या यंत्राचा फायदा एका दुष्काळी उन्हाळ्यात कळणार.

त्यानंतर त्यांनी हातात घेतला लोखंडी नांगर.

आपल्या सोलापूरच्या जमिनीची ज्यांना माहिती आहे, त्यांना या नांगराची गरज लगेच कळेल. काळी, भारी, उन्हाळ्यात हातभर भेगा पडणारी जमीन. ज्वारीला सोन्यासारखी, पण नांगरायला महाकठीण. त्यात हरळी आणि कुंदा. वरून कितीही खुरपा, मुळं खोल राहिली की पुन्हा डोकं वर. लाकडी नांगर या जमिनीत ओढायला बैलांच्या जोड्यांवर जोड्या जुंपाव्या लागत, आणि एवढं करून तो माती फक्त फाडत जाई. लोखंडी नांगर खोल जातो आणि मातीची कड उचलून पालथी करतो. खालची मुळं वर येतात आणि चैत्र-वैशाखाच्या उन्हात वाळून जातात. विलायतेतून असे नांगर इकडे येत होते. लक्ष्मणरावांना तो इथं, आपल्या माणसांच्या हातून घडवायचा होता.

तो घडतो कसा, ते सांगते, कारण सगळी गंमत त्यातच आहे. ओतकामात आधी लाकडाचा हुबेहूब नमुना करतात. तो ओलसर मातीत दाबून बसवायचा आणि अलगद काढून घ्यायचा. मागं जी पोकळी राहते, तिच्यात वितळलेलं लोखंड ओतायचं. निवलं की भाग तयार. आता बघा, लाकडी नमुन्यात काही चुकलं असेल, तर सुतार रंधा मारतो, नाहीतर एक पट्टी चिकटवतो. अर्ध्या दिवसाचं काम. पण तीच चूक शंभर नांगरांत ओतली गेली, की शंभर नांगर भंगारात आणि कारखानदार कर्जात. म्हणून शहाणा ओतारी लाकूड पुन्हा पुन्हा तासतो, आणि भरमसाट लोखंड ओतायची घाई करत नाही.

पण लाकडी नमुना डोळ्यांना बरोबर दिसला म्हणजे झालं, असंही नाही. नांगराचं खरं दुखणं जमिनीत कळतं. फाळ नरम असेल तर चार दिवसांत झिजून बोथट होतो. फार कडक असेल तर दगडावर आपटला की टवका उडतो. माती वळवणाऱ्या पत्र्याचा बाक जरा कमी-जास्त झाला, की माती पालथी होण्याऐवजी चिकटून बसते आणि बैल फेस गाळतात. रुमणं उंच असेल तर दिवसाअखेर माणसाचे खांदे भरून येतात. यातलं काहीही कारखान्याच्या फरशीवर उभं राहून दिसत नाही. ते शेतात, बैलामागून चालणाऱ्या माणसालाच कळतं. ज्याला नांगर करायचा आहे त्याला त्या माणसाकडे जावंच लागतं.

आणि इथंच लक्ष्मणरावांची मोठी परीक्षा झाली. नांगर तयार झाले, पण तो माणूसच नांगराला हात लावेना! लोखंडामुळं जमिनीत विष उतरतं, काळी आई नासते, असा समज शेतकऱ्यांमध्ये होता. पहिला नांगर विकायला लक्ष्मणरावांना दोन वर्षं लागली. मैत्रिणींनो, दोन वर्षं! दोन दिवाळ्या, दोन पावसाळे. दुकानाच्या कोपऱ्यात माल पडून आहे, त्याच्यावर पैसा अडकलेला आहे आणि येणारा-जाणारा बघून पुढं जातोय.

आपण आज या गोष्टीला हसतो. अडाणी शेतकरी म्हणून मोकळे होतो. मला मात्र त्या शेतकऱ्याची बाजूही थोडी दिसते. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार आणि लोहार तो बलुत्यात नीट करून देत. पैशाचा प्रश्न नाही. हा लोखंडी नांगर ऐन हंगामात मोडला तर करायचं काय? बेळगावला कोण नेणार? तोवर पाऊस थांबणार आहे का? ज्याचं वर्षाचं पोट एका पेरणीवर आहे, तो नव्या वस्तूला चटकन हो म्हणत नाही. आपणही स्वयंपाकघरात नवं यंत्र घेताना आधी विचारतोच की, बिघडलं तर दुरुस्त कुठं करायचं?

शेतकऱ्याला दोष देऊन लक्ष्मणरावांना हात झटकता आले असते. पुन्हा नोकरी मिळवता आली असती. नुसत्या सायकली विकूनही पोट भरलं असतं. त्यांनी नांगर सोडला नाही. एकदा पहिले नांगर जमिनीत उतरल्यावर बघणाऱ्यांच्या मनातलं विष हळूहळू उतरलं. शेजारच्याच्या शिवारात हरळी कमी झालेली दिसते आणि ज्वारी पूर्वीसारखीच डोलते, यापेक्षा मोठी जाहिरात कोणती? झिजणारा फाळ काढून नवा बसवायची सोय असलेला नांगर शेतकऱ्याला पटू लागला. पुढं किर्लोस्करांचे नांगर नंबरांनी ओळखले जाऊ लागले. हलक्या कामाला, एका बैलजोडीला वेगळा. भारी जमिनीला, जास्त बैलांना वेगळा. सगळ्यांना एकच माप चालत नाही, ही गोष्ट शिवारानं कारखान्याला शिकवली.

जरा बरे दिवस येतायत असं वाटलं, तोच दुसरा घाव. बेळगावात गावाची वाढ करायची ठरलं आणि कारखान्याची जागा नगरपालिकेच्या योजनेत गेली. बसलेली घडी मोडली. भट्टी, यंत्रं, माणसं घेऊन जायचं कुठं? त्या वेळी औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी आधी लक्ष्मणरावांना औंधात बांधकामाचं काम दिलं आणि मग कारखान्यासाठी कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन दिली. शिवाय १०,००० रुपये बिनव्याजी कर्ज. त्या काळातले दहा हजार! आणि तेही अशा माणसाला, ज्याचा नांगर घ्यायला लोक दोन वर्षं तयार नव्हते.

जागा म्हणजे काय, तर निवडुंग माजलेला उजाड माळ. सापांचं राज्य. वस्ती नाही, दुकान नाही. १० मार्च १९१० रोजी तिथं किर्लोस्करवाडीची सुरुवात झाली. पंचवीसएक कामगार आणि त्यांची कुटुंबं. लक्ष्मणराव तेव्हा चाळिशीत, शंतनू अजून सात वर्षांचाही झालेला नव्हता. या गोष्टीत माझं लक्ष नेहमी त्या पंचवीस घरांतल्या बायकांकडे जातं. त्या माळावर पहिली चूल त्यांनी पेटवली, पहिला घडा त्यांनी भरून आणला. कारखान्यांच्या इतिहासात त्यांची नावं सापडत नाहीत, पण घर बसलं म्हणून कारखाना टिकला.

किर्लोस्करवाडीत लक्ष्मणरावांनी माणसं निवडली तीही अशीच, कागद न बघता हात बघून. रामूअण्णांनी वस्तीची आखणी आणि व्यवस्था बघितली. शंभुराव जांभेकरांनी कारखान्याचं यांत्रिक काम अंगावर घेतलं. मंगेशराव रेगे हिशेब सांभाळायचे. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर इथं येऊन नव्या नव्या कल्पना लढवणारे यंत्रकार झाले. औंधच्या तुरुंगातून सुटलेल्या कैद्यांवर रात्रीच्या पहाऱ्याचं काम सोपवलं गेलं. वाडीत शिवाशिव पाळायची नाही असा दंडक होता. माणसावर आधीच शिक्का मारायचा नाही, काम देऊन बघायचं, मग ठरवायचं. वस्तूंच्या बाबतीत जी सवय, तीच माणसांच्या बाबतीत.

१९१४ साली पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि परदेशातून येणारं लोखंड तुटलं. नांगराला मागणी आहे आणि ओतायला लोखंड नाही! तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या. एकेकाळी माणसं मारायला ओतलेलं लोखंड शेतकऱ्याच्या बांधावर नांगर होऊन पोचलं. याच सुमारास सोलापूरच्या वासुदेवरावांचे शंकरराव काकांकडे वाडीला आले. हा मुलगा चित्रकार. त्यांनी जाहिरात आणि विक्रीची बाजू घेतली, गावोगावी नांगराची प्रात्यक्षिकं सुरू झाली. शेतकऱ्यांनी कारखान्यात यायचं नाही, कारखान्यानंच शेतकऱ्याकडे जायचं.

गिऱ्हाइकाशी बोलत राहण्याच्या याच गरजेतून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघालं. त्याचंच पुढं ‘किर्लोस्कर’ मासिक झालं आणि १९३० साली ‘स्त्री’ निघालं. म्हणजे आपल्या आज्या ज्या मासिकातून शिक्षणाचे, स्वातंत्र्याचे विचार वाचायच्या, त्याचं मूळ एका नांगराच्या विक्रीत आहे. कुठली गोष्ट कुठं जाऊन पोचते, बघा!

१९२० सालीच ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ लिमिटेड कंपनी झाली. कडबा कापायचं यंत्र, नांगर, मग उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडायचं यंत्र, आणि १९२६ साली पंप. एकेक वस्तू आधीच्या वस्तूच्या खांद्यावर उभी राहिली. त्याच वर्षी शंतनुराव अमेरिकेतून इंजिनीअर होऊन परतले. पुढं १९४६ साली पुण्यात आणि बंगळूरला नवे कारखाने निघाले. सोलापुरात शिवाजी वर्क्सचं नाव जुन्या माणसांच्या तोंडी आहे, आणि किर्लोस्कर फेरसचा ओतकामाचा कारखाना आजही आपल्याकडे चालू आहे. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ ला, वयाच्या ८७ व्या वर्षी गेले. १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीला भारत सरकारनं त्यांच्यावर टपाल तिकीट काढलं.

आता तुम्ही म्हणाल, या मोठ्या माणसाच्या गोष्टीचा आमच्या पापड-चटणीशी काय संबंध?

संबंध आहे. आपल्या जिल्ह्यात घरोघरी आणि बचत गटांतून बायका काय काय करतात! कडक भाकरी, शेंगा चटणी, मसाले, गोधड्या, टॉवेलच्या कापडाच्या पिशव्या. कष्टाला कुणी कमी नाही. पण पहिलं कर्ज हातात आलं, की आपली घाई होते. माझ्या ओळखीच्या एका गटानं गड्ड्याच्या जत्रेसाठी एकदम तीनशे पिशव्या शिवल्या. कापड सुरेख, शिवण पक्की. पण बंद आखूड. खांद्याला लावायला जाव्यात तर दंडातच अडकायच्या. बायका हातात घ्यायच्या, खांद्याला लावून बघायच्या आणि हसून परत ठेवायच्या. एकच पिशवी शिवून चार दिवस भाजीला नेली असती, तर हे पहिल्याच दिवशी कळलं असतं. मग कर्जाचा हप्ता आला आणि घरातल्या माणसांचे टोमणेही आले. त्यातल्या दोघी-तिघींनी पुन्हा धंद्याचं नावच घेतलं नाही. मला त्या पिशव्यांपेक्षा याचं जास्त वाईट वाटलं. चूक वीतभर बंदाची होती, आणि बायकांना वाटलं की आपल्यातच काही कमी आहे.

म्हणून लक्ष्मणरावांच्या गोष्टीतून मी चार गोष्टी काढून ठेवल्या आहेत.

पहिली, लाकूड तासा, लोखंड घाईनं ओतू नका. म्हणजे नमुन्यावर वेळ खर्च करा, मालावर पैसा नंतर. चटणीचं अर्धा किलोचं वाटण तीन प्रकारे करा. लेबलं हजार छापण्याआधी हातानं लिहून दहा पुड्यांवर चिकटवा.

दुसरी, वस्तू वापरणाऱ्याच्या शिवारात जाऊ द्या. कडक भाकरी ताटात चांगली लागते, हे आपल्याला माहीत आहे. पण ती पुडीतून, एसटीच्या धक्क्यांतून पुण्याच्या लेकीकडे जाते तेव्हा अख्खी पोचते का? एक पुडी खरंच पाठवून बघा. भुगा झाला तर दोष भाकरीचा नाही, बांधणीचा. तोही कळायलाच हवा.

तिसरी, कौतुकावर जाऊ नका. नणंद, जाऊ, शेजारीण छानच म्हणणार, त्यांना आपलं मन मोडायचं नसतं. लक्ष्मणरावांचा नांगर बघून नवल करणारे पुष्कळ असतील, घेणारा दोन वर्षं मिळाला नाही. ओळख ना पाळख असलेली बाई पैसे देऊन घेते आणि पुढच्या महिन्यात परत येते, ही खरी पावती. आणि ती परत आली नाही, तर रागावू नका. जाऊन विचारा, काय आवडलं नाही. ती सांगते तेव्हा मध्ये बोलू नका, आपली बाजू मांडू नका. नुसतं ऐकून घ्या आणि वहीत लिहा.

चौथी, एका वेळी एकच गोष्ट बदला. मीठही कमी केलं, लसूणही वाढवला आणि पुडीही बदलली, तर खप कशानं वाढला हे कसं कळणार?

एवढं करूनही पहिल्या फटक्यात यश येईलच असं नाही. नमुना लहान ठेवला तर नुकसान शंभर-दोनशे रुपयांत आटपतं आणि उद्या पुन्हा उभं राहता येतं, इतकंच मी खात्रीनं सांगू शकते. लक्ष्मणरावांच्या पाठीशी तर खर्च उचलणारा भाऊ होता, पुढं राजाही उभा राहिला. आपल्यापैकी बहुतेकींच्या पाठीशी गटातल्या दहा बायका असतात आणि त्यांनी आठवड्याला वीस-पन्नास रुपये टाकून साठवलेला पैसा. तो जपूनच वापरायला हवा.

पुण्याहून मिरजेकडे रेल्वेनं जाताना किर्लोस्करवाडी नावाचं स्टेशन लागतं. हेच जुनं कुंडल रोड. कधी त्या बाजूला गेलात तर खिडकीतून जरूर बघा, कारखाना दिसेल. आणि तुमच्या मनात एखादी वस्तू घोळत असेल, तर या आठवड्यात ती एकच करा. एकच. आणि जिला ती वापरायची आहे, तिच्या हातात देऊन या.